नऊशे शब्दांचे वचन

ऑगस्ट 2000 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात 'जेन कॉन' हा खेळांचा वार्षिक मेळा भरला होता. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीची नियमपुस्तिका त्या मेळ्यात विक्रीला आली. ती काढली होती 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने. त्याच मेळ्यात, त्याच दिवशी, 'ग्रीन रोनिन' या नव्याकोऱ्या प्रकाशन संस्थेने 'डेथ इन फ्रीपोर्ट' नावाची छोटी साहसपुस्तिका मांडली. कथानक ग्रीन रोनिनचे, त्यातले बंदर आणि माणसे ग्रीन रोनिनची. पण ती खेळायची विझर्ड्सच्या नियमांनी. 'अ‍ॅटलस गेम्स' या दुसऱ्या एका प्रकाशकानेही तशीच एक पुस्तिका आणली होती. दोघांनीही विझर्ड्सला एक पैसा दिलेला नव्हता, आणि विझर्ड्सची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. उलट, कंपनीने स्वतःच तशी लेखी मुभा दिली होती.

त्या मुभेचे नाव 'ओपन गेम लायसन्स', व्यवहारातले नाव ओजीएल. जेमतेम नऊशे शब्दांचा हा मजकूर. त्याच्या भरवशावर पुढच्या बावीस वर्षांत शेकडो लहान प्रकाशकांनी संसार उभे केले. जानेवारी 2023 मध्ये हीच मुभा काढून घेण्याचा प्रयत्न झाला आणि तीन आठवड्यांत तो कंपनीच्या अंगाशी आला. त्या तीन आठवड्यांच्या बातम्या तेव्हा खूप आल्या; पण त्यांची मुळे बरीच मागे जातात, आणि ती पाहिल्याशिवाय लोक इतके का चिडले ते उलगडत नाही.

आधी खेळ काय आहे ते सांगायला हवे. 'स्ट्रेंजर थिंग्ज' ही मालिका ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तळघरात टेबलाभोवती बसून फासे टाकणारी पोरे आठवतील. तोच हा खेळ. यात पट असलाच पाहिजे असे नाही आणि हार-जीतही नसते. चार-पाच जण एकत्र बसतात. प्रत्येक जण एक पात्र होतो: कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. एक जण सूत्रधार. त्याला 'डंजन मास्टर' म्हणतात. तो प्रसंग उभा करतो. समोर दरी आहे, दरीवर जुनाट दोरांचा पूल आहे, पलीकडून मशाली पुढे सरकताहेत. आता काय करणार? खेळाडू आपापला बेत सांगतात. बेत जमला की फसला, हे वीस बाजूंचा फासा आणि पुस्तकातले नियम ठरवतात. रात्र होते, मंडळी उठतात आणि पुढच्या आठवड्यात कथा तिथूनच पुढे सुरू होते. काही टोळ्यांची एकच कथा वर्षानुवर्षे चाललेली असते.

अशा खेळाला दोन गोष्टी लागतात: नियम आणि प्रसंग. नियमांची पुस्तके एकदा घेतली की कैक वर्षे पुरतात. प्रसंगांची भूक मात्र भागत नाही. नवी ठिकाणे, नवे राक्षस, नवे मंत्र, नवी कारस्थाने दर आठवड्याला हवी असतात, आणि प्रत्येक सूत्रधाराला ती स्वतः रचायला सवड मिळतेच असे नाही. एका कंपनीने ही भूक भागवायची म्हटले तरी ते जमत नाही. बाहेरचे प्रकाशक या खेळात शिरले ते या फटीतून.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 मध्ये हा खेळ प्रसिद्ध केला. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातली 'टीएसआर' ही कंपनी त्याची मालक. बाहेरच्या प्रकाशकांकडे टीएसआर संशयाने पाहत असे. 'मेफेअर गेम्स' या प्रकाशकाने 'रोल एड्स' नावाने या खेळाला पूरक पुस्तके काढली, तेव्हा प्रकरण कोर्टात गेले आणि शेवटी टीएसआरने ती मालिकाच विकत घेऊन टाकली. खुद्द गायगॅक्सलाही सुटका नव्हती. कंपनीतून बाहेर पडल्यावर त्याने 1992 मध्ये नवा खेळ काढला आणि टीएसआरने त्याच्यावरही दावा लावला. पुढे इंटरनेट आले. चाहते आपण रचलेले राक्षस आणि प्रसंग तिथे फुकट वाटू लागले, तर त्यांच्याही हाती वकिलांची पत्रे पडली. ज्यांच्या जिवावर खेळ जगत होता, त्यांनाच कंपनी चोर समजते, ही भावना त्या दशकात घट्ट झाली. पुढे 2023 मध्ये ज्या वेगाने लोक भडकले, त्यात या जुन्या जखमेचा वाटा मोठा होता, असे मला वाटते.

टीएसआर बुडाली ती मात्र या भांडणांमुळे नव्हे. न खपणाऱ्या मालाचे ढीग, पुस्तक वितरकांकडून परत आलेले गठ्ठे आणि छापखान्यांची थकलेली बिले यांनी तिचा श्वास कोंडला. 1997 मध्ये विझर्ड्सने ती विकत घेतली. 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळावर विझर्ड्सने अमाप पैसा मिळवला होता आणि तिचा प्रमुख पीटर अ‍ॅडकिसन स्वतः डंजन्स अँड ड्रॅगन्सचा जुना भक्त होता. 1999 मध्ये खेळण्यांच्या व्यवसायातल्या 'हॅस्ब्रो' या बड्या कंपनीने सुमारे 32 कोटी डॉलर मोजून विझर्ड्सच विकत घेतली. या कथेतला मालक तेव्हापासून हॅस्ब्रो.

ओजीएलची कल्पना रायन डान्सी या व्यवस्थापकाची. त्याचा हिशेब साधा होता. साहसपुस्तिका छापण्यात कष्ट भरपूर आणि नफा थोडा. नियमपुस्तिकेत नफा भरपूर. मग कमी नफ्याचे काम इतरांनाच का करू देऊ नये? त्यांच्या प्रत्येक पुस्तिकेचा खरेदीदार मूळ नियमपुस्तिका घ्यायला आपल्याच दारात येणार. शिवाय खेळणारे जितके जास्त एकाच नियमांनी खेळतील, तितके नव्या माणसाला टोळी सापडणे सोपे आणि दुसऱ्या खेळाकडे वळणे अवघड. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतून, रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीपीएल परवान्यातून, डान्सीने ही दृष्टी उचलली होती. त्याच्या मनात आणखीही एक गोष्ट होती, आणि त्याने ती पुढे उघडपणे सांगितली: टीएसआरसारखी वेळ पुन्हा आली, मालक बुडाला किंवा मालकाला खेळ नकोसा झाला, तरी खेळ जिवंत राहिला पाहिजे.

परवान्याची रचना देखणी होती. खेळाचे मूळ नियम 'सिस्टीम रेफरन्स डॉक्युमेंट' या दस्तऐवजात, म्हणजे एसआरडीत, काढून ठेवले. ते कोणीही वापरावेत, बदलावेत, विकावेत. कंपनीची खास पात्रे, तिची जगे, तिचे काही नावाजलेले राक्षस मात्र राखीव. परवाना कायमचा, जगभर लागू आणि बिनपैशाचा. घेणाऱ्याने दोन गोष्टी पाळायच्या: आपल्या पुस्तकातला कोणता भाग इतरांसाठी खुला आहे ते सांगायचे, आणि परवान्याच्या पंधराव्या कलमात ज्या ज्या पुस्तकांतून आपण घेतले, त्या सगळ्यांची हक्कनोंद उतरवायची. यामुळे या पुस्तकांच्या अखेरच्या पानावर बारीक टायपातली एक वंशावळच तयार होई. विझर्ड्सचा एसआरडी, त्यावरून घेतलेले अमक्याचे राक्षस, त्यांवरून रचलेले तमक्याचे मंत्र. एखाद्या प्रकाशकाचा चांगला राक्षस चार वर्षांनी भलत्याच कोणाच्या पुस्तकात हिंडताना दिसे, आणि मूळ कर्त्याचे नाव त्या शेवटच्या पानावर शाबूत असे. व्यापाराच्या जगात इतकी प्रामाणिक देवघेव क्वचितच दिसते.

पहिली काही वर्षे नुसता पूर आला. परवाना फुकट, मागणी तुफान. त्यामुळे बरे-वाईट सगळेच छापले गेले. 2003 मध्ये विझर्ड्सने नियमांची सुधारित आवृत्ती काढली आणि दुकानांतला जुना माल रातोरात शिळा झाला. अनेक प्रकाशक त्यात आटोपले. त्याच वर्षी परवान्याची पहिली परीक्षाही झाली. एका प्रकाशकाने या खेळासाठी कामविषयक पुस्तक काढायचे ठरवले. विझर्ड्सला ते रुचले नाही. कंपनीचा बोधचिन्हासाठीचा परवाना वेगळा होता. तो तिने बदलून त्यात सभ्यतेची अट घातली. प्रकाशकाने बोधचिन्ह सोडून दिले आणि पुस्तक नुसत्या ओजीएलखाली काढले. कंपनी काही करू शकली नाही. परवाना खरोखर मालकाच्या मर्जीपलीकडचा आहे, हे त्या दिवशी सर्वांना दिसले.

दुसरी परीक्षा 2008 ची, आणि 2023 ची सगळी गोष्ट तिच्यात आधीच घडून गेली आहे. चौथी आवृत्ती आणताना विझर्ड्सने तिला ओजीएल लावला नाही. 'गेम सिस्टीम लायसन्स' नावाचा नवा, कडक परवाना आणला. त्यात कंपनी वाटेल तेव्हा अटी बदलू शकत होती. जो प्रकाशक आपली एखादी मालिका नव्या परवान्याखाली आणेल, त्याला ती जुन्या परवान्याखाली पुन्हा काढता येणार नव्हती. ही अट पुढच्या वर्षी मागे घेतली गेली, पण तोवर मने उडाली होती. फार थोड्यांनी सह्या केल्या.

'पायझो' ही कंपनी तेव्हा कोंडीत सापडली होती. लिसा स्टीव्हन्स यांनी 2002 मध्ये ती काढली. विझर्ड्सची 'ड्रॅगन' आणि 'डंजन' ही दोन मासिके चालवणे हा तिचा मुख्य धंदा होता. 2007 मध्ये विझर्ड्सने मासिकांचा करार संपवला. मग नव्या आवृत्तीच्या परवान्याचा पत्ता लागेना. पायझोने निर्णय घेतला: जुने नियम ओजीएलखाली कायमचे खुले आहेत, मग आपण तेच घासूनपुसून पुढे नेऊ. हजारो खेळाडूंना मसुदा वापरायला देऊन, त्यांच्या सूचना घेऊन, ऑगस्ट 2009 मध्ये 'पाथफाइंडर' हा खेळ आला. काही काळ त्याने दुकानांच्या विक्रीत खुद्द डंजन्स अँड ड्रॅगन्सला मागे टाकले. डान्सीच्या हिशेबाची दुसरी बाजू हॅस्ब्रोला आता कळली. खुला परवाना मालकाचा खप वाढवतो. पण मालकाने गिऱ्हाइकांना दुखावले, तर तोच परवाना त्यांना पळायला वाटही देतो.

पाचव्या आवृत्तीच्या वेळी कंपनी शहाणी झालेली दिसली. 2014 मध्ये ती आवृत्ती आली आणि जानेवारी 2016 मध्ये तिचा एसआरडी पुन्हा जुन्याच ओजीएलखाली खुला झाला. पुढे जे झाले ते कोणाच्याच स्वप्नात नव्हते. 'क्रिटिकल रोल' या कार्यक्रमात आवाजी अभिनेते कॅमेऱ्यासमोर बसून हा खेळ खेळू लागले आणि लाखो लोक तासन् तास ते पाहू लागले. 'स्ट्रेंजर थिंग्ज' आली. साथीच्या काळात घरात अडकलेले मित्र पडद्यावर एकत्र जमून फासे टाकू लागले. 'कोबोल्ड प्रेस'चे राक्षसांचे जाडजूड ग्रंथ, मॅट कोलव्हिल यांच्या 'एमसीडीएम'ची पुस्तके लोकवर्गणीतून निघू लागली. किल्ले आणि सैन्य यांवरच्या एमसीडीएमच्या पहिल्याच पुस्तकाने 2018 मध्ये किकस्टार्टरवर वीस लाख डॉलरहून अधिक रक्कम जमवली. पण हे मोठे अपवाद. बाकीचे बहुसंख्य प्रकाशक म्हणजे एक-दोन माणसे, एक चित्रकार आणि रात्री जागून केलेली मांडणी.

इथेच हॅस्ब्रोची नजर वळली. खेळण्यांचा धंदा मंदावत होता आणि विझर्ड्स विभाग मात्र वर्षाला अब्ज डॉलरच्या वर उत्पन्न आणत होता. 2022 च्या सुरुवातीला विझर्ड्सचेच प्रमुख ख्रिस कॉक्स हॅस्ब्रोच्या सर्वोच्च पदावर गेले आणि मायक्रोसॉफ्टमधून आलेल्या सिंथिया विल्यम्स विझर्ड्सच्या अध्यक्ष झाल्या. त्याच वर्षी हॅस्ब्रोने 'डी अँड डी बियॉन्ड' हे खेळाचे डिजिटल व्यासपीठ 14.63 कोटी डॉलरना विकत घेतले. डिसेंबर 2022 मध्ये गुंतवणूकदारांच्या बैठकीत विल्यम्स यांनी सांगितले की, या खेळातून जितका पैसा निघायला हवा तितका निघत नाही. खेळणाऱ्यांत सूत्रधार साधारण वीस टक्के, पण खर्च मुख्यतः तेच करतात. उरलेल्यांकडून उत्पन्न कसे येईल ते पाहायचे आहे. गुंतवणूकदारांसमोर असे बोलणे रीतीला धरूनच होते. खेळाडूंच्या कानांना मात्र ते फार वेगळे ऐकू आले.

21 डिसेंबरला कंपनीने ओजीएल बदलणार असल्याचे जाहीर केले. वर्षाला 50,000 डॉलरहून अधिक कमावणाऱ्यांनी हिशेब कळवायचा, 7,50,000 डॉलरच्या वर कमावणाऱ्यांनी 2024 पासून रॉयल्टी द्यायची, आणि अशी मंडळी जगात वीससुद्धा नाहीत, असा दिलासा त्यात होता. बरेच जण त्यावर विसंबले.

5 जानेवारी 2023 रोजी 'गिझमोडो'च्या पत्रकार लिंडा कोडेगा यांनी नव्या परवान्याचा फुटलेला मसुदा वाचून त्यातला तपशील प्रसिद्ध केला. जुना परवाना नऊशे शब्दांचा. हा नऊ हजारांहून मोठा. 7,50,000 डॉलरवरच्या विक्रीवर 25 टक्के रॉयल्टी, किकस्टार्टरवरून विकल्यास 20 टक्के. आणि ही टक्केवारी नफ्यावर नव्हे, विक्रीवर. छपाई, चित्रे, वाहतूक यांचा खर्च वजा जाता पुस्तक-धंद्यात हातात काय उरते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या आकड्याचा अर्थ सांगायला नको. प्रकाशकाने आपले उत्पादन कंपनीकडे नोंदवायचे. त्याने लिहिलेले सारे काही कंपनीला कायमचे, जगभर, मोबदल्याविना वापरता येईल. कंपनी तीस दिवसांची सूचना देऊन परवाना बदलू किंवा संपवू शकेल. पण सगळ्यात वर्मी लागणारी ओळ वेगळीच होती: जुना 1.0ए परवाना आता अधिकृत राहिलेला नाही.

ही ओळ जुन्या परवान्याच्या नवव्या कलमावर उभी होती. कंपनी परवान्याच्या सुधारित आवृत्त्या काढू शकते आणि घेणाऱ्याने कोणतीही अधिकृत आवृत्ती वापरावी, असे ते कलम सांगते. हेतू असा की, नवी आवृत्ती पटली नाही तर जुनी वापरायला मोकळीक राहावी. कंपनीच्या स्वतःच्या प्रश्नोत्तरांत वर्षानुवर्षे हेच छापलेले होते. आता वकिलांनी तेच कलम उलटे धरले: काय अधिकृत हे आम्ही ठरवू, आणि जुना परवाना अधिकृत नाही असे आम्ही ठरवतो. मूळ परवान्यात 'कायमचा' असे लिहिले होते, 'मागे न घेता येणारा' असे लिहिले नव्हते. 2000 साली तशी पद्धतही नव्हती. ज्या जीपीएलवरून डान्सीने प्रेरणा घेतली, त्याच्या तेव्हाच्या मजकुरातही तो उल्लेख नव्हता. असा अधिकार कंपनीने राखून ठेवला असता तर आम्ही तो परवान्यात लिहिला असता, असे डान्सीने जाहीरपणे सांगितले.

कायद्याने प्रकाशकांची बाजू अगदीच लंगडी नव्हती. अमेरिकी कायद्यात खेळाच्या पद्धतीवर कॉपीराइट मिळत नाही, फक्त ती सांगणाऱ्या शब्दांवर मिळतो. हे तत्त्व 1879 मधल्या, जमाखर्चाच्या वह्यांवरून झालेल्या एका खटल्यापासून चालत आले आहे. पण पद्धत कुठे संपते आणि शब्द कुठे सुरू होतात, हे एखाद्या मंत्राच्या वर्णनात कोण सांगणार? ते ठरवायला कोर्टात जावे लागते, आणि दोन माणसांचे प्रकाशन हॅस्ब्रोपुढे कोर्टात किती दिवस टिकणार? ओजीएलचे मोल याच ठिकाणी होते. त्याने ते भांडणच नको करून टाकले होते. मसुदा फुटला त्या दिवशी ज्यांची पुस्तके छापखान्यात होती, ज्यांनी वर्गणीदारांचे पैसे घेऊन पुस्तक द्यायचे कबूल केले होते, त्यांच्या पायाखालची वाळू सरकली. मसुद्यात अंमलाची तारीख होती 13 जानेवारी. हातात जेमतेम आठवडा.

पुढचे दिवस फार वेगात गेले. एका खुल्या पत्रावर काही दिवसांत हजारो सह्या झाल्या. 10 जानेवारीला कोबोल्ड प्रेसने स्वतःचे नियम रचणार असल्याचे जाहीर केले. खेळाडूंना एक साधा, पण नेमका उपाय सापडला: डी अँड डी बियॉन्डची वर्गणी बंद करायची. ज्या डिजिटल व्यासपीठासाठी कंपनीने एवढे पैसे मोजले होते, तिथेच नाक दाबले गेले. सदस्यत्व रद्द करण्याचे पान गर्दीमुळे काही काळ उघडेनासे झाले. कंपनीच्या आतले लोक वर्गणीच्या आकड्यांकडे डोळे लावून बसले आहेत, अशी बातमी गिझमोडोने दिली, आणि ती वाचून आणखी लोकांनी वर्गणी सोडली. मार्चअखेर खेळावरचा मोठा चित्रपट यायचा होता; तोही पाहू नका, अशी हाक उठली.

12 जानेवारीला पायझोने आपला पत्ता टाकला. कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचा नसलेला, मागे न घेता येणारा नवा खुला परवाना बनवू, नाव 'ओआरसी'. कोबोल्ड प्रेस, ग्रीन रोनिन आणि 'केऑसियम' सुरुवातीपासून बरोबर होते. पुढच्या काही दिवसांत पाठिंबा देणाऱ्या प्रकाशकांची संख्या दीड हजारांच्या वर गेली. मसुद्याचे काम 'अझोरा लॉ' या वकील संस्थेकडे दिले. तिचे एक संस्थापक ब्रायन लुइस यांनीच 2000 साली विझर्ड्सचे वकील म्हणून मूळ ओजीएलचा कायदेशीर सांगाडा उभा केला होता. लिसा स्टीव्हन्सही तेव्हा विझर्ड्समध्येच होत्या. वेळ आली तर हा परवाना मागे घेता येत नाही हे आम्ही कोर्टात येऊन सांगू, असे पायझोने ठणकावले. ज्यांनी वचन लिहिले, तेच आता साक्षीला उभे राहायला तयार होते.

13 जानेवारीला विझर्ड्सने मौन सोडले. रॉयल्टी काढली, लोकांचे लेखन वापरण्याचे कलम काढले. द्वेष पसरवणारी पुस्तके आणि एनएफटीचा धंदा रोखणे एवढाच आपला हेतू होता, आणि फुटलेला मजकूर म्हणजे मते मागवण्यासाठीचा कच्चा मसुदा, असे कंपनीचे म्हणणे. लोक म्हणतील ते जिंकले आणि आम्ही हरलो, पण आम्हीही जिंकलो, अशा आशयाचे वाक्यही त्यात होते. हे निवेदन माझ्या मते मूळ मसुद्याइतकेच नुकसानकारक ठरले. तो मसुदा प्रकाशकांकडे सही करायच्या करारांसोबत गेला होता, असे गिझमोडोने छापले होते. मग त्याला कच्चा मसुदा कोण मानणार? पाच दिवसांनी खेळाचे कार्यकारी निर्माते काइल ब्रिंक यांनी सरळ माफी मागितली. 19 तारखेला 1.2 हा नवा मसुदा आला. खेळाचे गाभ्याचे नियम 'क्रिएटिव्ह कॉमन्स' या स्वतंत्र संस्थेच्या परवान्याखाली देऊ, असे त्यात होते. पण जुना ओजीएल रद्द करण्याचा आग्रह कायम. पडद्यावर खेळताना एखाद्या मंत्राची हलती चित्रे दाखवायची की नाही, इथवर निर्बंध घातले होते. सोबत जाहीर मतचाचणी ठेवली.

मतचाचणी 3 फेब्रुवारीपर्यंत चालायची होती. तेवढा वेळ लागलाच नाही. पंधरा हजारांहून अधिक उत्तरे आली. कंपनीनेच जाहीर केलेल्या आकड्यांनुसार 88 टक्क्यांना नव्या परवान्याखाली पुस्तक काढायचे नव्हते, आणि जुना ओजीएल रद्द करण्यावर 89 टक्के नाराज होते. 27 जानेवारीला विझर्ड्सने संपूर्ण माघार घेतली. ओजीएल 1.0ए जसा होता तसा राहील. शिवाय पाचव्या आवृत्तीचा चारशे पानांहून मोठा एसआरडी सगळाच्या सगळा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी-बाय 4.0 परवान्याखाली दिला. कर्त्याचे नाव द्या आणि हवे ते करा, इतकीच त्याची अट. तो मागे घेता येत नाही, हे त्याच्या मजकुरातच स्पष्ट आहे, आणि त्याचा मजकूर विझर्ड्सच्या हातात नाही. हक्क काढून घ्यायला निघालेली कंपनी पूर्वीपेक्षा मोठा हक्क देऊन बसली.

मात्र गेलेला विश्वास त्या दिवशी परतला नाही. आठ महिने पुरेल इतका पाथफाइंडरच्या मुख्य पुस्तकाचा साठा दोन आठवड्यांत संपल्याचे पायझोने सांगितले. ओआरसी परवाना 2023 च्या मध्याला पूर्ण झाला. धोका टळल्यावरही पायझोने पाथफाइंडरमधून ओजीएलचा अंश न् अंश उपसून काढला आणि नोव्हेंबर 2023 पासून सुधारित पुस्तके आणली. 'मॅजिक मिसाइल' हा या खेळातला सर्वांत ओळखीचा मंत्र. तो तिथे 'फोर्स बराज' झाला. पात्रांचे सज्जन-दुर्जन असे जुने वर्गीकरण गेले, रंगांवरून ओळखले जाणारे ड्रॅगन गेले. पन्नास वर्षांची सामाईक बोली एका कंपनीने मुद्दाम सोडली, कारण तिच्यावर पुन्हा कोणी दावा सांगेल ही भीती आता जाणार नव्हती. कोबोल्ड प्रेसने 'टेल्स ऑफ द व्हॅलियंट' काढले. एमसीडीएमने डिसेंबर 2023 मध्ये अगदी नव्या नियमांच्या खेळासाठी लोकांकडून 46 लाख डॉलर जमवले. क्रिटिकल रोलच्या प्रकाशनाने 2025 मध्ये 'डॅगरहार्ट' आणला. सगळ्यांनी एकाच नियमांनी खेळावे हे डान्सीचे स्वप्न होते. मालकानेच लोकांना त्यातून बाहेर ढकलले.

डंजन्स अँड ड्रॅगन्स यामुळे बुडाला नाही. तो आजही या प्रकारातला सर्वांत मोठा खेळ आहे, आणि बहुतेक टेबलांवर जानेवारी 2023 ची कोणाला फारशी आठवणही नसेल. तोटा झाला तो मोजायला अवघड अशा जागी: पुढचे पुस्तक कोणत्या नियमांवर रचायचे हे ठरवताना आज प्रकाशक आधी परवाना वाचतात, मग नियम. 2024 मध्ये विझर्ड्सने मुख्य पुस्तकांची सुधारित आवृत्ती आणली, आणि एप्रिल 2025 मध्ये तिचा एसआरडी 5.2 खुला केला. या वेळी नवा परवाना, रॉयल्टी किंवा नोंदणी यांचा विषयच निघाला नाही. तोही सीसी-बाय 4.0 खालीच आला.